कस, नाद आणि पाणी : निर्मलच्या पोलादाची पारख

१

एखादा पदार्थ कोणता आहे हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. तो कशाचा बनलेला आहे हे त्याचे पृथक्करण करून पाहणे, हा एक; आणि तो दिसतो कसा, हाताला किती जड लागतो, ठोकला असता कसा वाजतो, दगडावर घासला असता कोणत्या रंगाची रेघ उमटवितो, तापविला असता केव्हा नरम पडतो, हे पाहून त्यास ओळखणे, हा दुसरा. पहिला मार्ग आधुनिक रसायनशास्त्राचा असून त्याचे वय फार तर अडीचशे वर्षांचे आहे. दुसरा मार्ग मनुष्याने धातू प्रथम हाती घेतला त्या दिवसापासूनचा आहे, आणि आजही सराफाच्या पेढीवर, लोहाराच्या ऐरणीपाशी व शाळेच्या प्रयोगशाळेत तो सारखाच चालू आहे.

मराठी भाषेने तर ह्या दुसऱ्या मार्गाची सगळी परिभाषा आपल्या नीतिविचारात सामावून घेतली आहे. माणूस कसोटीला उतरतो, त्याच्या अंगी कस असतो, त्याची पारख होते, तो खणखणीत नाणे ठरतो, आणि पाणीदार म्हणून नावाजला जातो. ही सारी विशेषणे आपण माणसांना लावतो खरी. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या मुळाशी पदार्थाचा एकेक भौतिक गुणधर्म उभा आहे. कसोटी हा काळा, बारीक पोताचा दगड. त्यावर सोन्याने उमटविलेल्या रेघेचा रंग म्हणजे कस. खणखण हा शुद्ध रुप्याचा नाद. पाणी म्हणजे उत्तम पात्यावर दिसणारी ती नागमोडी झळाळी. गावगाड्यात नाणी पारखण्याचे काम ज्याच्याकडे असे त्या पोतदाराचे नाव आडनावाच्या रूपाने आजही टिकून आहे. आणि सोनाराच्या दुकानातील राख व केर धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी हा तर वस्तुतः विशिष्टगुरुत्वाच्या नियमावर पोट भरणारा मनुष्य होय. समान आकारमानाच्या पाण्याच्या एकोणीस पटींहून सोने जड असते, व राख-माती फार तर अडीच-तीन पटींनी. म्हणून वाहत्या पाण्याने माती जाते आणि सोने तळाशी राहते. झारेकऱ्यास हा आकडा ठाऊक नसतो, पण त्या आकड्याचा परिणाम मात्र तो अचूक जाणतो.

आकडा न जाणता परिणाम अचूक जाणणे, ह्यास ज्ञान म्हणावे की नुसती हातोटी? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. आणि त्याचा विचार करण्यास आपल्या ह्या सीमाभागाइतके योग्य उदाहरण क्वचित सापडेल. ते उदाहरण म्हणजे निर्मलचे पोलाद.

२

आदिलाबाद जिल्हा हा मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू ह्या चार भाषांच्या संगमावर वसलेला प्रदेश आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे आजचे महाराष्ट्रातील तालुके ह्याच जिल्ह्याचे भाग होते. निर्मल हे गोदावरीच्या उत्तरेकडील जुने शहर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज निर्मलचे नाव निघाले की हलक्या पोणकी लाकडाची रंगीत खेळणी आठवतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथकारांना हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक होते. दमास्कसच्या म्हणून जगभर गाजलेल्या तलवारींचे पोलाद निर्मलच्या आसमंतातून इराणात जात असे, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे.

हे पोलाद ज्या गावी तयार होई ते कोनसमुद्रम् गोदावरीच्या दक्षिणेस, निजामाबाद जिल्ह्यात आहे. ज्या कम्मरपल्लीच्या परिसरात ते मोडते तिच्या नावातच कम्मरी, म्हणजे तेलुगूत लोहार, हा शब्द दिसतो. खनिजाचे एक प्रसिद्ध ठिकाण दिमदुर्ती हे मात्र निर्मलच्या बाजूचे. तेथील अभ्रकयुक्त खडकात चुंबकी लोहखनिजाचे बारीक कण विखुरलेले असत. ते काढण्याची रीत अशी की, खडक कुटावयाचा आणि पाण्याने धुवावयाचा. गारगोटीचे विशिष्टगुरुत्व सुमारे २.६५ आणि ह्या खनिजाचे सुमारे ५.२, म्हणजे जवळजवळ दुप्पट; त्यामुळे हलकी वाळू वाहून जाई व काळी रेती खाली उरे. झारेकऱ्याची जी युक्ती, तीच ही.

ह्या गावी चालणाऱ्या उद्योगाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन डॉ. हेन्री वॉयसी ह्याने केले आहे. वॉयसी हा कर्नल लॅम्ब्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील शल्यवैद्य व भूगर्भवेत्ता. लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला, आणि पुढल्याच वर्षी वॉयसीही गेला. त्याचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३२ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की, कोनसमुद्रम्‌चे कारागीर एकाच जातीचे लोखंड वापरीत नसत. मिर्तपल्ली येथून आलेले, चुंबकी रेतीपासून काढलेले लोखंड तीन भाग, आणि कोंडापूरचे, निराळ्या खनिजापासूनचे लोखंड दोन भाग, असे मिश्रण ते मातीच्या मुशीत घालीत. मुशीचे तोंड बंद करून भट्टीत चोवीस तास आंच देत, आणि मूस थंड झाल्यावर ती फोडून आतील पोलादाची वडी काढून घेत. वडी सुमारे दीड पौंड वजनाची व अत्यंत कठीण असे. म्हणून तिला मातीचा लेप देऊन पुन्हा पुन्हा तापविण्यात व निवविण्यात येई, तेव्हा कोठे ती घणाखाली घेण्याजोगी मऊ होई.

ह्या कृतीतील एकेका पायरीमागे कोणता तरी गुणधर्म हेरलेला आहे. मुशीच्या मातीत भाताचे तूस मिसळीत. ते जळून मुशीच्या भिंतीत कर्ब आणि सिलिका राहते आणि ती भयंकर आंच सोसते, हे कोनसमुद्रम्‌च्या मुशींच्या अवशेषांवर थेल्मा लो ह्या संशोधिकेने केलेल्या अभ्यासातून दिसून आले. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात कर्ब मुरत गेला की वितळण्याचा हा अंक खाली येतो, आणि भात्याच्या भट्टीत अशक्य ते शक्य होते. ह्या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते दोन, बहुधा दीडच्या आसपास असे. कारागिराजवळ तापमापक नव्हता; आंच किती झाली हे तो ज्वाळेच्या व मुशीच्या रंगावरून ठरवी.

३

आता विकत घेणाऱ्याकडे वळू. वॉयसीने आपल्या लेखात इस्फहानच्या हाजी हुसेन नावाच्या एका व्यापाऱ्याचा उल्लेख केला आहे. इराणातून इतक्या लांबचा प्रवास करून हे व्यापारी एका खेडेगावात येत, याचे कारण असे की, तसे पोलाद आपल्या देशात करून पाहण्याचा त्यांचा प्रयत्न सिद्धीस गेला नव्हता. पण घेतलेली वडी अस्सल आहे, हे त्यांनी कशावरून ओळखावे? वरून पाहता चांगली वडी आणि फसलेली वडी सारखीच काळी, सारखीच गोल.

ह्या प्रश्नाचे उत्तर सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये देऊन गेला आहे. तो लिहितो की, ज्यावर पाणी उमटते असे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातूनच येते. त्याचे तुकडे लहानशा पावाएवढे असतात. आणि फसवणूक होऊ नये म्हणून ते मधोमध कापून पाहतात. प्रत्येक अर्ध्यातून एकेक तलवार होते. कापून पाहणे म्हणजे धातूचा भंग पाहणे. आतील कण बारीक की जाड, त्यांची ठेवण कशी, पोकळ्या आहेत की काय, हे त्या भंगावर स्पष्ट वाचता येते. धातुशास्त्राच्या आजच्या प्रयोगशाळेतही ही परीक्षा टाकून दिलेली नाही. सूक्ष्मदर्शकाची तिला जोड मिळाली, इतकेच.

ही पारख अरबी-फारसी ग्रंथांत फार जुनी आहे. नवव्या शतकात अल-किंदीने तलवारींवर स्वतंत्र प्रबंध लिहिला असून त्यात पात्याच्या पृष्ठावरील नक्षीवरून तलवारींच्या जाती लावल्या आहेत. अकराव्या शतकात अल-बेरुनीने तर रत्ने व धातू ह्यांवर ग्रंथ रचला, आणि निमुळत्या गळ्याच्या, नळी असलेल्या भांड्यात पदार्थ बुडवून बाहेर पडणारे पाणी तोलून त्यांचे विशिष्टगुरुत्व आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने काढले. हिंदुस्थानविषयी इतक्या जिज्ञासेने लिहिणारा हाच तो पंडित. पारखीच्या ज्ञानाचे मापनाच्या ज्ञानात रूपांतर होण्याचा तो एक महत्त्वाचा क्षण होता.

संस्कृत ग्रंथांतही ह्या विचाराची परंपरा दीर्घ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींच्या अध्यक्षाने खनिज रंग, वास, चव आणि भार ह्यांवरून ओळखावे असे सांगितले असून, खनिज जितके जड तितका त्यातील धातूचा अंश अधिक, असा सर्वसामान्य नियमही घालून दिला आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमाराच्या रसरत्नसमुच्चयात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन वर्ग केले आहेत. मुंडाचे पोटभेद घणाखाली ते कसे वागते ह्यावरून केलेले आहेत: एक सहज पसरते, दुसरे कष्टाने पसरते, तिसरे फुटते व त्याचा भंग काळा दिसतो. तीक्ष्णाच्या, म्हणजे पोलादाच्या, एका जातीचे लक्षण असे की तिचा भंग पाऱ्यासारखा चकाकतो. पृष्ठावरील केसांसारख्या रेषांना तेथे पोगर असे नाव असून त्या आहेत की नाहीत हे जात ठरविण्याचे एक गमक मानले आहे. आपण ज्यास तलवारीचे पाणी म्हणतो, आणि इराणी व्यापारी जे शोधीत येत, ते हेच. रसार्णव ह्या त्याहून जुन्या ग्रंथात निरनिराळे धातू ज्वाळेस निरनिराळे रंग देतात हे नमूद केले आहे. आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात ह्या उल्लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा ह्याचा अर्थ नव्हे. बृहत्संहितेत उत्तम हिऱ्याची जी लक्षणे दिली आहेत त्यांत, दुसऱ्या कोणत्याही पदार्थाने तो भेदला जात नाही, हे लक्षण अगदी यथार्थ आहे. परंतु त्याच श्लोकात तो हलका असून पाण्यावर तरतो, असेही म्हटले आहे. हिऱ्याचे विशिष्टगुरुत्व सुमारे ३.५ आहे, तो पाण्यात टाकावा आणि बुडालेला पाहावा. पहिले लक्षण पारख्याच्या अनुभवातून आले असले पाहिजे, दुसरे कोणाच्या तरी ऐकीव स्तुतीतून. श्लोकात दोन्ही शेजारी बसली, आणि पाठ करणाऱ्याने दोन्ही सारख्याच श्रद्धेने पाठ केली. ग्रंथातील वाक्य आणि वस्तूवरील परीक्षा ह्यांची फारकत झाली म्हणजे काय होते, ह्याचा हा धडा आहे.

४

आता ह्या कथेतील दुसरा अंक. १७९४ साली मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट ह्याने ह्या जातीच्या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविले. तेथे त्याचे नाव 'वूट्झ' असे पडले. कानडी व तेलुगू उक्कू, म्हणजे पोलाद, ह्या शब्दाचा हा अपभ्रंश असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन ह्याने त्यावर आपला निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईस तयार होते असे म्हटले आहे! जेथे ते जहाजावर चढले तेच त्याचे जन्मस्थान ठरले.

पिअर्सनची पद्धत मननीय आहे. त्याने भंग पाहिला, कानस चालवून काठिण्य अजमावले, भट्टीत तापवून ते घणाखाली कसे वागते हे पाहिले, विशिष्टगुरुत्व काढले, आणि मग आम्लात विरघळवून काय उरते ते तपासले. शेवटची परीक्षा वगळली तर बाकीच्या सर्व, वेगळ्या क्रमाने व वेगळ्या नावांनी, कोनसमुद्रम्‌ला येणारा व्यापारी ओळखत होता असे म्हणावयास हरकत नाही. आणि हे पोलादच आहे, पण इंग्लंडातील पोलादाहून निराळ्या जातीचे आहे, इथपर्यंत पिअर्सनचे निदान बरोबर आले. ते निराळे का आहे, ह्याचे उत्तर मात्र त्यास साधले नाही. १८०५ साली मशेटने कर्बाच्या आधिक्याकडे बोट दाखविले. मायकेल फॅरडेसारख्या प्रतिभावंताला त्यात ॲल्युमिनिअमचा अंश कारणीभूत आहे असे वाटले. स्टोडार्ट ह्या शस्त्रकारासह त्याने १८२० व १८२२ साली मिश्रधातूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कारण चुकीचे धरले होते. तरीही ह्याच शोधातून मिश्र पोलादांच्या शास्त्राचा पाया पडला. पुढे फ्रान्सात ब्रेआँ ह्याने नक्षीचे मूळ कर्बात आहे हे दाखविले, आणि रशियात अनोसोव्हने तसे पोलाद करून १८४१ साली त्याची हकीकत छापली. अनोसोव्हनेही प्रत ठरविताना नक्षीचा आकार, तिच्या पार्श्वभूमीचा रंग आणि पात्याचा नाद ह्यांचाच आधार घेतला होता. १९९८ साली अमेरिकेतील व्हरहोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, खनिजातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश ही नक्षी उमटण्यास साह्यभूत होतो. तसे असेल तर अमुक ठिकाणचे लोखंड तीन भाग आणि तमुक ठिकाणचे दोन भाग, हा कोनसमुद्रम्‌चा आग्रह निव्वळ रूढी म्हणून उडवून लावता येणार नाही.

तथापि ही सारी उत्तरे मिळेपर्यंत भट्ट्या विझल्या होत्या. १८५६ साली बेसेमरची रीत निघाली, स्वस्त विलायती पोलादाने बाजार भरून गेले, कोळशासाठी जंगल तोडण्यावर निर्बंध आले, आणि तलवारीची मागणी तर आधीच ओसरली होती. जुने कारागीर विळे-कोयते आणि नांगराचे फाळ ह्यांवर आले. उरले ते मळीचे ढीग. २०१० साली बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या शारदा श्रीनिवासन व एस. रंगनाथन आणि इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या गिल जुलेफ ह्यांनी उत्तर तेलंगणाच्या गावोगावी हिंडून ह्याच ढिगांची व मुशींच्या खापऱ्यांची पाहणी केली. कारागिरांची परंपरा तुटल्यावर तिचा इतिहास मळीच्या रंगावरून, वजनावरून व पोतावरून वाचावा लागला. म्हणजे पुनश्च गुणधर्मांवरूनच.

५

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. कोनसमुद्रम्‌च्या कारागिराजवळ जे होते ते ज्ञान होते काय?

दोन टोकांची उत्तरे प्रचारात आहेत. एक असे की, कारण ठाऊक नसल्यामुळे ती केवळ योगायोगाने साधलेली हातचलाखी होती. दुसरे असे की, अवघे आधुनिक धातुशास्त्र आमच्याकडे आधीच होते. आमच्या मते दोन्ही वस्तुस्थितीस सोडून आहेत. योगायोग शेकडो वर्षे पिढ्यानपिढ्या, एकाच प्रमाणात, परदेशी गिऱ्हाईकाने कापून पाहावा व पुन्हा येऊन विकत घ्यावा, असा टिकत नाही. गुणधर्म हेरणे, ते पुनःपुन्हा पडताळणे, आणि त्यांवर विसंबून पुढची पायरी टाकणे हे शास्त्राचे अर्धे अंग होय, आणि ते त्या कारागिरापाशी पूर्ण होते. उरलेले अर्धे अंग म्हणजे मापन, लेखन व कारणमीमांसा. ते नसल्यामुळे काय नुकसान झाले ते उघड आहे. रंगावरून आंच ओळखणारा डोळा मालकाबरोबर चितेवर जातो. तापमापकावर वाचलेला आकडा कागदावर मागे राहतो. अल-बेरुनीचे आकडे हजार वर्षांनी आपण ताडून पाहू शकतो. कोनसमुद्रम्‌च्या भट्टीचा रंग आज कोणी पाहू शकत नाही.

आणखीही एक गोष्ट ह्या इतिहासातून निष्पन्न होते. पोलादाची पारख करणारे सारे पारखी त्याचे गुण अचूक सांगत होते. त्याचे गाव मात्र कोणी दमास्कस सांगितले, कोणी मुंबई. भंग, नाद आणि पाणी ह्यांवरून वस्तू कोणती हे कळते. ती कोणाच्या हातची हे कळत नाही. ते सांगण्याचे काम इतिहासाचे आहे, आणि ज्या प्रदेशातून ती वस्तू गेली त्या प्रदेशातील शिकल्यासवरल्या माणसांनी ते केले नाही तर दुसरा कोणी ते करणार नाही.

शिक्षकबंधूंना ह्यात विशेष लक्ष घालता येण्यासारखे आहे. पदार्थाचे गुणधर्म हा धडा आपल्या शाळांतून तक्ता पाठ करून घेण्याने संपतो. मुलाला लोखंडाचे विशिष्टगुरुत्व ७.८७ हे सांगता येते. परंतु लोखंडाचा आणि शिशाचा गोळा दोन हातांत देऊन डोळे मिटावयास सांगितले तर तो क्षणभर गोंधळतो. वास्तविक ह्या भागातील नदीनाल्यांच्या काठी काळी रेती अनेक ठिकाणी आढळते. एक लोहचुंबक, एक परात आणि घागरभर पाणी एवढ्या साहित्यावर दिमदुर्तीची रीत वर्गात दाखविता येईल. नंतर तराजू आणावा, आकारमान मोजावे, आकडा काढावा व तो वहीत लिहावा. हाताने पारखलेले आणि आकड्याने मोजलेले एकमेकांशी जुळले म्हणजे मुलाच्या ध्यानात येईल की, कस, नाद आणि पाणी हे शब्द भाषेत अलंकारासाठी आलेले नाहीत. कोणीतरी भट्टीपाशी घाम गाळून, डोळा आणि कान लावून ते मिळविलेले आहेत. भाषेचा तास आणि विज्ञानाचा तास ह्यांत आपण जी भिंत घातली आहे, ती निदान ह्या एका धड्यापुरती काढून टाकावयास काय प्रत्यवाय आहे?